प्रिन्सिपल मेट्रन इंजेक्शन देत नाही, मग करते काय?

लष्करी रुग्णालयातल्या प्रिन्सिपल मेट्रनच्या, म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सच्या प्रमुखाच्या, टेबलावर सिरिंज सापडणार नाही. सापडेल ते ड्यूटी रोस्टर, आदल्या रात्रीचा रिपोर्ट, गंभीर रुग्णांची यादी आणि कुठल्यातरी वॉर्डाने तिसऱ्यांदा पाठवलेला इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी. ठाण्यात, कळव्यात, नेरूळला बारावी सायन्सच्या मुली आणि त्यांचे आईवडील मिलिटरी नर्सिंगबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: परीक्षा कोणती, पगार किती, बदली कुठे. तीस वर्षांनी ही मुलगी नेमकं काय काम करत असेल, हे कोणी विचारत नाही. म्हणून इथे या नोकरीची शिडी वरच्या पायरीपासून सांगतो, भरती शेवटी.

थोडा इतिहास, कारण त्याची सुरुवात आपल्याच बंदरात होते. मार्च १८८८ मध्ये दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका लष्करी रुग्णालयांची घडी बसवायला मुंबईत उतरल्या. १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी उभी राहिली आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्यातल्या परिचारिकांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळालं. तो अध्यादेश आजही या सेवेचा पाया आहे. फक्त स्त्रियांची अशी सैन्यदलातली ही एकमेव सेवा. आणि एक गोष्ट सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास अर्धवट छापलेली असते: भारतीय सैन्यातल्या पहिल्या महिला मेजर जनरल गर्ट्रूड अ‍ॅलिस राम. १९७६ साली त्या पदावर पोहोचल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्स होत्या.

पदांची शिडी सैन्याचीच. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे, कॅप्टनच्या तीन, मेजरच्या अशोकस्तंभाचे सिंह, मग सिंहांसोबत एकेक तारा वाढत लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, आणि वर मेजर जनरल. लेफ्टनंट कर्नलपर्यंत सेवेची वर्षं, अहवाल आणि प्रकृती ठीक असली की माणूस पोहोचतो. कर्नलपासून निवड मंडळ बसतं आणि तिथे शिडी अचानक अरुंद होते. ब्रिगेडियर मोजक्या, मेजर जनरल मूठभर. २२ जून २०२३ ला राष्ट्रपती भवनात मेजर जनरल स्मिता देवराणी आणि ब्रिगेडियर अमिता देवराणी या सख्ख्या बहिणींना राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मिळाला. एकाच घरात हे दोन हुद्दे येणं किती दुर्मीळ, हे शिडीचा आकार पाहिल्याशिवाय कळत नाही.

नवख्यांचा गोंधळ इथे नेहमी होतो: सेवा स्थलसेनेची असली तरी पोस्टिंग तिन्ही दलांच्या रुग्णालयांत होतं. त्यामुळे कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात डॉक्टर ‘सर्जन कमांडर’ आणि वॉर्डातली नर्स ‘मेजर’ असते. चुकून लिहिलेलं नसतं ते.

आता कामाकडे. ज्येष्ठ नर्सची खरी परीक्षा रोस्टरमध्ये असते. समजा दहा खाटांचं आयसीयू आहे आणि दोन खाटांना एक नर्स असं प्रमाण ठरवलंय. प्रत्येक पाळीत पाच, तीन पाळ्यांत पंधरा. पंधरा नर्स मागितल्या आणि मिळाल्या, तर पहिल्याच आठवड्यात आयसीयू कोलमडतं, कारण पंधरा ही माणसं नव्हेत, पंधरा खुर्च्या आहेत आणि त्या वर्षाचे ३६५ दिवस भरलेल्या हव्यात. अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि २० दिवस कॅज्युअल. साप्ताहिक सुट्या ५२ धरा. ढोबळ हिशोबाने एक नर्स वर्षात २३३ दिवस हजर. ३६५ ला २३३ ने भागलं की १.५७. म्हणजे पंधरा खुर्च्यांना साडेतेवीस, म्हणजे चोवीस नर्स लागतात. कागदावर चोवीस आहेत, पण दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एक कोर्सला आणि एकीची बदली होऊन बदलीवर येणारी अजून पोहोचलेली नाही, अशा वीसच उरल्या तर खुर्च्या पंधराऐवजी तेराच्या आतच भरतात. हे गणित मेट्रन तोंडी करते. जी करत नाही, तिच्या वॉर्डात सलग नाइट लागतात आणि मग औषधांच्या चुका सुरू होतात. चूक झाली की चौकशी नर्सची होते. रोस्टरची फारच क्वचित होते.

इथे मेट्रनची सगळ्यांत मोठी लढाई चालते ती रजेच्या मोसमात. केरळच्या मुलींना ओणम आणि नाताळ, उत्तरेकडच्यांना दिवाळी-छठ, आपल्याकडच्यांना गणपती. ज्येष्ठ मेट्रन जानेवारीतच वर्षभराची रजा मागवून तक्ता भिंतीवर लावते. एकदा तक्ता भिंतीवर गेला की वाद निम्मे कमी होतात, कारण कोणाला काय मिळालं ते सगळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट कुलपाची. मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं दुहेरी कुलपात असतात, दोन किल्ल्या दोघींकडे, आणि प्रत्येक पाळी बदलताना अँप्युल मोजून रजिस्टरवर दोन सह्या. घोळ कुठे होतो? चोरीत नाही, उरलेल्या औषधात. १५ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून ५ मिलिग्रॅम दिलं, उरलेलं १० साक्षीदारासमोर टाकायचं असतं. रात्री तीन वाजता साक्षीदार शोधायचा कंटाळा येतो, सकाळी दुसरी सिस्टर ‘पाहिलं होतं’ म्हणून सही करते. सहा महिन्यांनी तपासणीत दोघींची वेळ आणि ड्यूटी जुळत नाही, आणि प्रकरण शिस्तीचं बनतं. म्हणून जाणती मेट्रन राउंडला आली की आधी कपाट उघडायला लावत नाही. रजिस्टरमधली रात्रीच्या पाळीची सही आणि त्या दिवसाचं रोस्टर शेजारी ठेवून बघते.

इमर्जन्सी ट्रॉलीचंही तसंच. हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर रोज तपासला जातो, पण भिंतीच्या प्लगवर असताना. मशीन ‘टेस्ट पास’ म्हणतं. प्लग काढून रुग्णाकडे नेलं की बॅटरी बसलेली निघते, कारण बॅटरी कधी तपासलीच नव्हती. प्लग काढून टेस्ट करायची, हा एका ओळीचा नियम. घशात नळी घालताना वापरायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का हे पाहताना पातं उघडून किमान अर्धा मिनिट ठेवायचं. मरत आलेला सेल पहिले काही सेकंद छान उजेड देतो.

ऑक्सिजनचा हिशोब तर ठाणेकरांनाही उपयोगी पडेल. छोटा ‘बी’ टाइप सिलिंडर भरलेला असताना साधारण १,५०० लिटर देतो, मोठा ‘डी’ टाइप साधारण ७,०००. रुग्णाला मिनिटाला १० लिटर चालू असेल तर ‘बी’ अडीच तास पुरतो. गेजचा काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. कागदावर पुरेसं वाटतं. पण रुग्ण हलवताना घोडबंदर रोडवर ट्रक आडवा झाला, किंवा ऐरोलीच्या पुलावर रांग लागली, तर सव्वा तास म्हणजे काहीच नाही. म्हणून नियम असा: अंदाजे प्रवासाच्या दुप्पट वेळेचा साठा, आणि किल्ली सिलिंडरलाच बांधलेली. भरलेला सिलिंडर आहे, पण उघडायची किल्ली वॉर्डातच राहिली, हा प्रकार लष्करी-बिगरलष्करी सगळीकडे घडतो.

रक्ताबाबत वेळेचे दोन आकडे डोक्यात पक्के हवेत. पेढीतून बाहेर आलेली पिशवी ३० मिनिटांत सुरू करायची, ४ तासांत संपवायची. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा तेव्हाच दिसू लागते. आणि ओळख पटवताना फक्त नाव चालत नाही. एकाच पलटणीत एकाच नावाचे दोनतीन जवान सहज असतात, एकाच गावचेही असतात. आर्मी नंबर वाचल्याशिवाय नळी जोडायची नाही. नाव हाक मारायला, नंबर ओळखायला.

लष्करी वॉर्डाची एक खास बाब म्हणजे गंभीर रुग्णांच्या दोन याद्या: ‘डीआयएल’ म्हणजे जीव धोक्यात असलेले आणि ‘एसआयएल’ म्हणजे गंभीर असलेले. रुग्णाचं नाव यादीत चढलं की युनिटला आणि घरच्यांना कळवलं जातं. साताऱ्याच्या किंवा जव्हारच्या घरी हा निरोप पोहोचतो तेव्हा तिथे आकांत होतो, त्यामुळे यादीत नाव घालण्याचा निर्णय डॉक्टरचा असला तरी पुढची माणसं सांभाळणं मेट्रनकडे येतं. आई-बायको कोणत्या गाडीने येतायत, त्यांना गेटवर पास मिळाला का, राहायची सोय काय, हिंदी न समजणाऱ्या आजीशी बोलायला कोण. हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

हुद्द्याचं प्रकरण नाजूक. तेवीस वर्षांची लेफ्टनंट वॉर्डात उभी असते आणि समोरच्या खाटेवर तीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार मेजर असतात. हुद्द्याने ती वरची, पण सुभेदाराला अधिकारीही ‘साहेब’ म्हणतात, आणि तिनेही तसंच म्हणायचं. तरीही ‘साहेब, आज उठायचं नाही’ हे तिने ठणकावून सांगायला हवं. पलीकडच्या ऑफिसर्स वॉर्डात ब्रिगेडियर असतील. त्यांना पथ्य मोडू न देण्याची जबाबदारीही तिचीच. या दोन्ही वॉर्डांत आवाज न चढवता ऐकायला लावणारी मुलगी पुढे चांगली मेट्रन होते, असं आमचं निरीक्षण. ‘सिस्टर’ की ‘मॅडम’ या वादात मात्र फार शक्ती घालवू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि बाहेर सगळ्यांत कमी माहीत असलेलं काम: नर्सिंग असिस्टंट घडवणं. पुढच्या चौकीवर नर्स नसते. तिथे रेजिमेंटल एड पोस्टवर, म्हणजे पलटणीच्या प्रथमोपचार केंद्रावर, डॉक्टर आणि आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट जवान असतो. कित्येक ठिकाणी तर डॉक्टरही खालच्या तळावर असतो. त्या जवानाचे हात वॉर्डात एमएनएसच्या, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या, अधिकारीच घडवतात. म्हणजे लेहच्या १५३ जनरल हॉस्पिटलातली किंवा श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलातली मेट्रन उंचावरच्या चौकीपर्यंत पोहोचते ती याच पोरांमधून. त्यांना काय शिकवायचं, हे ठिकाणाप्रमाणे ठरतं. उंचावर जाणाऱ्याला हिमदंश: बोटं चोळायची नाहीत, शेकोटीजवळ धरायची नाहीत, कारण बधिर कातडीला भाजतंय हे कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवायची, आणि तेही पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच. वितळून पुन्हा गोठलेलं बोट पहिल्यापेक्षा जास्त जातं. हापो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरणं: आडवं पडल्यावर वाढणारा दम, खोकला, निळे ओठ, ऑक्सिजन आणि लगेच खाली उतरवणं. ‘सकाळी बघू’ हे शब्द इथे जीव घेतात. गोळीबाराच्या भागात जाणाऱ्याला टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा: घट्ट आवळल्यावर वेळ लिहायची, ठळक, दिसेल अशी. वेळ लिहिली नाही तर मागच्या रुग्णालयात सर्जनला अंदाजावर निर्णय घ्यावा लागतो.

हे शिकवताना चूक होते ती पुस्तकी व्याख्यानाची. नर्सिंग असिस्टंट बहुधा विशीतला पोरगा असतो, वर्गात पेंगतो. तेच त्याला डोळे बांधून बॅगमधून टूर्निकेट काढायला लावा, दुसऱ्याच्या मांडीवर बांधायला लावा, घड्याळ लावा. दहाव्या खेपेला हात आपोआप जातो.

या सगळ्यातून वर चढताना दरवर्षी तब्येतीचीही चाचणी होते. ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे मोजले जातात. शेप-१ म्हणजे सगळं ठीक. पाठीचं दुखणं, वजन, रक्तदाब यांमुळे श्रेणी खाली आली की पोस्टिंग आणि बढती दोन्हींवर परिणाम होतो. रुग्ण उचलून उचलून पाठ जाते, आणि पाठ गेली म्हणून बढती अडते. रुग्णाला सरकवायची स्लाइड शीट वापरा, दोघींनी मिळून फिरवा, हे पहिल्या वर्षापासून पाळणारी फायद्यात राहते.

आता भरती. दोन दरवाजे आहेत. पहिला बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग: पुण्याचं एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) ४०, मुंबईचं नौदल रुग्णालय ‘अश्विनी’ ४०, लखनौ ४०, बंगळूर ४०, दिल्ली ३० आणि कोलकाता ३०, मिळून २२० जागा. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी घेऊन, नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात, किमान ५० टक्के. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. मग संगणकावरची सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शिक्षणाच्या काळात राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन. बदल्यात पाच वर्षं सेवेचा करार.

ठाण्यातल्या चांगल्या मार्कांच्या मुली इथे दोन ठिकाणी घसरतात. एक: ‘नीट’ दिली म्हणजे अर्ज झाला असं समजतात. सैन्याच्या भरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो. तो चुकला की वर्ष गेलं. दोन: वैद्यकीय. हिमोग्लोबिन कमी, कानात मळ, किडलेले दात, वजन उंचीच्या प्रमाणात नाही. या चारही गोष्टी तीन महिने आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे सुटतात. हिमोग्लोबिन आठवड्यात चढत नाही, लोहाच्या गोळ्यांना महिने लागतात, आणि जेवणाबरोबर चहा घेत राहिलं तर आणखी जास्त.

दुसरा दरवाजा शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदाचा. नेरूळ, कामोठे किंवा इतर कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, राज्य परिषदेकडे नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी असलेली, साधारण २१ ते ३५ वयाची मुलगी इथून थेट लेफ्टनंट होते. आधी पाच वर्षं, वाढवत जास्तीत जास्त चौदा. अर्जाच्या दिवशी नोंदणी प्रमाणपत्र हातात नसणं हे इथलं नेहमीचं दुखणं. निकाल लागल्या दिवशीच नोंदणीच्या मागे लागावं.

पैशाचं स्पष्ट बोलू. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे दरमहा १०,८००. सैन्याच्या इतर अधिकाऱ्यांना तोच १५,५००. ही तफावत का, याचं पटेल असं उत्तर नाही. लेह तेच, थंडी तीच, युनिफॉर्म तोच.

लग्नाबद्दल घरचे हमखास विचारतात. एके काळी भीती खरी होती. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार लग्न हे सेवा संपवायचं कारण ठरू शकत होतं आणि १९८८ मध्ये लेफ्टनंट सेलिना जॉन यांना त्यावरून काढलं. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी बेकायदा ठरवून ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आज लग्न हा अडथळा नाही. अडथळा आहे बदलीचा: नवरा ऐरोलीत आयटीत आणि बायको बागडोगऱ्याच्या १५८ बेस हॉस्पिटलात, हे दोनतीन वर्षं निभावायची तयारी दोन्ही घरांची हवी.

आणि चौदा वर्षांचा हिशोब. पंचविशीत गेलेली मुलगी एकोणचाळिसाव्या वर्षी परत ठाण्यात. अधिकाऱ्याच्या पेन्शनला साधारण वीस वर्षं लागतात, म्हणजे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. बाहेर तिला मागणी चांगली असते, कारण रोस्टर, इन्फेक्शन कंट्रोल आणि औषधांची रजिस्टरं सांभाळणारी माणसं खाजगी रुग्णालयांना एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, तपासणीआधी हवीच असतात. पण त्यासाठी कागद आधीपासून जमवावे लागतात. राज्य परिषदेची नोंदणी सेवेत असताना बहुतेकींची लॅप्स होते, कारण वॉर्डात कोणी विचारत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायचं, शिक्षणाच्या तासांची प्रमाणपत्रं एका फाइलीत. प्रत्येक पोस्टिंग सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘नर्सिंग ऑफिसर’ लिहून घ्यायचं नाही. कोणता विभाग, किती खाटा, किती महिने, हाताखाली किती माणसं, हे आकड्यांत लिहून घ्यायचं. युनिट सोडल्यावर तो दाखला मागवायला पत्रव्यवहारात सहा महिने जातात. चार्ज देण्याच्या दिवशी मागितला तर संध्याकाळपर्यंत सहीसकट हातात येतो.